वस्तूचे आयुष्य कोण ठरवते?

मोठा सेल जाहीर झाला की उपभोगवादावरचा वाद नव्याने पेटतो आणि दरवेळी त्याच जागी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, माणसाची हाव सुटली आहे. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते याचे भान कुणाला उरलेले नाही. कपाटात जागा नाही तरी नवे हवेच आहे. दुसरी बाजू म्हणते, पैसे आमचे, कष्ट आमचे, मग काय घ्यावे हे सांगणारे तुम्ही कोण? शिवाय सगळ्यांनी खरेदी थांबवली तर कारखान्यांना टाळे लागेल, त्याचे काय? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण हा सगळा मामला विकत घेणाऱ्याच्या मनाचा आहे यावर दोघांचे न बोलता एकमत असते. एकाला ते मन आवरायचे असते, दुसऱ्याला मोकळे सोडायचे असते. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. आपली बरीचशी खरेदी इच्छेतून होतच नाही. असलेली वस्तू बंद पडते, दुरुस्त होत नाही, म्हणून तीच वस्तू पुन्हा घ्यावी लागते. ती किती वर्षे चालावी, उघडता यावी की नाही, तिचा सुटा भाग बाजारात मिळावा की नाही, हे गिऱ्हाईक ठरवत नाही; ते आधीच कुणीतरी ठरवून टाकलेले असते. वाद व्हायला हवा तो या ठरवण्यावर. ते सोडून हावेवर प्रवचने झोडणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे आहे.

ही भुई माणूस फार पूर्वीपासून धोपटत आला आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य कापून काढले. पुढच्याच वर्षी रोमने ओपियस कायदा केला. स्त्रियांनी अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये, रंगीत भरजरी वस्त्र नेसू नये, धार्मिक कार्याखेरीज शहरात गाडीतून फिरू नये. ऐन युद्धात हे समजण्यासारखे होते. पण युद्ध जिंकले, सुबत्ता आली, पुरुषांच्या अंगावर जांभळी किनार मिरवू लागली, तरी बायकांवरचा कायदा तसाच राहिला. इ.स.पू. १९५ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रोमच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी असलेल्या केटोने प्रस्तावाला कडाडून विरोध केला. त्याच्या मते एकदा सूट दिली की यांच्या मागण्यांना अंतच राहणार नव्हता. त्याला उत्तर देताना प्रस्ताव मांडणाऱ्या व्हॅलेरियसने काय विचारले ते लिव्ही या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे: तुम्हाला जांभळा रंग चालतो, मग घरच्या लक्ष्मीला का नको? तुमच्या घोड्याने तुमच्या बायकोपेक्षा नटून हिंडायचे काय? कायदा रद्द झाला. पुढे इंग्लंडने १३६३ मध्ये कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड घालावे याचा कायदा केला आणि अशा कायद्यांची ती परंपरा १६०४ पर्यंत चालवली. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानमध्ये व्यापाऱ्यांना उंची कपड्यांची मनाई झाली, तेव्हा त्यांनी बाहेरून साधा किमोनो शिवला आणि आतून महागडे रेशमी अस्तर लावले.

या सगळ्यांत दोन गोष्टी सारख्याच दिसतात. एक, हावेला घातलेला बांध टिकत नाही. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते: हा उपदेश नेहमी वरून खाली जातो. श्रीमंताच्या घरातल्या वस्तूंना अभिरुची म्हणायचे आणि नुकताच हातात पैसा आलेल्याने तेच घेतले की त्याला हव्यास म्हणायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. साधेपणाचे गोडवे गाणाऱ्या कितीतरी घरांत कपडे धुणारे, भांडी घासणारे, पाणी भरणारे हात दुसऱ्याचे असतात. ज्या बाईचे हात साबणाच्या पाण्याने भेगाळले आहेत, पिळून पिळून जिची मनगटे दुखतात, तिने धुण्याचे यंत्र घेतले तर त्याला चंगळ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? तेव्हा दुसऱ्या बाजूचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: स्वस्त झालेल्या वस्तूंनी माणसाला मोकळे केले आहे, विशेषतः ज्यांच्या वाट्याला अंगमेहनत आली होती त्यांना. आणि अब्रूचा प्रश्न आहेच. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये म्हटले होते की जगायला लिननचा सदरा लागत नाही, पण त्याच्या काळातल्या युरोपात साध्या मजुरालाही त्याच्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल. म्हणून तो सदरा गरजेतच धरायला हवा. आज स्मार्टफोनची तीच अवस्था आहे. बँक त्यावर, कामाचे निरोप त्यावर, मुलांच्या शाळेच्या सूचना त्यावर. तो नसलेला माणूस साधा म्हणवला जात नाही, तो बाहेर फेकला जातो.

आता पहिल्या बाजूचा बिनतोड मुद्दा. ते म्हणतील, वस्तू कितीही टिकाऊ करा, माणूस ती टिकू देणार नाही. त्याला नवे हवे असते, शेजाऱ्याकडे आहे तसे हवे असते. यासाठी त्यांच्याकडे उत्तम पुरावाही आहे. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी ही एकच मोटार दीड कोटीहून अधिक संख्येने बनवली. दणकट, साधी, घरच्या घरी खोलून नीट करता येईल अशी. वर हळूहळू स्वस्तही होत गेलेली. उपदेशकांच्या स्वप्नातली वस्तू म्हणावी तर ती हीच. तरीही ती हरली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने वेगवेगळे रंग आणले, दरवर्षी नवा आकार आणला, आणि लोक तिकडे वळले. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. मग दोष कंपनीचा कसा? लोकांनीच निवड केली ना?

केली. नव्याची ओढ खरी आहे, ती नाकारणारा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पण या गोष्टीतला अर्धा भाग सांगायचा राहून जातो. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच हप्त्यावर गाडी देणारी स्वतःची वित्तकंपनी काढली होती, आणि फोर्ड त्या वाटेला जायला बराच काळ नाखूश होता. म्हणजे नव्या रंगाच्या इच्छेला उद्याच्या पगाराची जोड मिळाली होती. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. नवी गाडी घेणाऱ्याची जुनी गाडी भंगारात गेली नाही. ती दुसऱ्याकडे गेली, तिथून तिसऱ्याकडे, कारण तिचे भाग मिळत होते आणि ती उघडता येत होती. नव्याच्या हौसेने तेव्हा कचऱ्याचा डोंगर उभा केला नाही, जुन्या गाड्यांचा बाजार उभा केला आणि ज्याला नवी परवडत नव्हती त्याच्या दारात गाडी आणली. हौशी माणसाची हौस आणि वस्तूचा टिकाऊपणा यांत वैर नाही. वैर तेव्हा सुरू होते, जेव्हा पहिल्या मालकाकडेच वस्तूचा जीव जातो.

आणि ओढ किती आणि नाइलाज किती, हे मोजायची संधी जगाला एकदा आपसूक मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून ही सोय आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही होते. पण वापरणाऱ्याला हे सांगितलेच नव्हते, आणि याच कारणासाठी फ्रान्समध्ये २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला. दरम्यान, ओरड झाल्यावर कंपनीने २०१८ या वर्षापुरता बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मग काय झाले? जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. मुख्य कारण चीनमधली मंदी होती, पण नवे फोन अपेक्षेइतके का खपले नाहीत याच्या कारणांत स्वस्त झालेल्या बॅटरीचाही स्पष्ट उल्लेख होता. जाहिराती त्याच होत्या, शेजारी तेच होते, माणसाचे मनही तेच होते. फक्त बॅटरी परवडू लागली, आणि लोकांनी जुना फोन खिशात ठेवला. वर्षभर कुणी कुणाला अपरिग्रहाचा उपदेश केला नव्हता.

टिकाऊपणाच्या वादात बल्बची गोष्ट हमखास निघते आणि हमखास अर्धवट सांगितली जाते, म्हणून ती जरा नीट सांगतो. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एक संघ केला, त्याचे नाव फीबस. ओस्राम, फिलिप्स असे मातब्बर त्यात होते. घरगुती बल्बचे आयुष्य हजार तास असावे असे त्यांनी ठरवले. त्याआधी दीड ते दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते. प्रत्येक कारखान्याने नमुने तपासणीला पाठवायचे आणि ठरलेल्या तासांपेक्षा कमी-जास्त भरले तर दंड भरायचा, अशी शिस्त होती. इथवर सांगून लोक थांबतात. पुढचा भाग असा की तारेच्या बल्बमध्ये आयुष्य आणि उजेड यांची खरोखरच ओढाताण असते. तार कमी तापवली तर ती जास्त टिकते, पण त्याच विजेत उजेड कमी पडतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये हे सगळे तपासले आणि हजार तासांची तडजोड तांत्रिकदृष्ट्या अवाजवी नाही असे मत दिले. तेव्हा फीबसने केवळ फसवणूक केली असे म्हणणे बरोबर नाही.

पण मग माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. हजार तास हीच शहाणी तडजोड होती, तर दोन हजार तासांचा बल्ब बनवणाऱ्याला दंड कशासाठी? एक बल्ब जास्त उजळ आणि अल्पायुषी, दुसरा मंद आणि दीर्घायुषी, असे दोन्ही खोक्यावर तास छापून विकायला ठेवले असते तर? जिन्यातल्या दिव्यासाठी कुणी मंद घेतला असता, अभ्यासाच्या टेबलासाठी कुणी उजळ. निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच. जे लोक आज बाजाराच्या स्वातंत्र्याच्या नावाने टिकाऊपणाच्या नियमांना विरोध करतात, त्यांनी या दंडाचा विचार करावा. गिऱ्हाइकाची निवड इथे सरकारने काढून घेतली नव्हती, विकणाऱ्यांनी आपसात ठरवून काढून घेतली होती. आजही किती वस्तूंच्या खोक्यावर अपेक्षित आयुष्य लिहिलेले असते? वजन असते, रंग असतो, वॉरंटीचे एक वर्ष असते. पाच वर्षे चालणारी वस्तू आणि दोन वर्षांत मान टाकणारी वस्तू शेजारी शेजारी मांडली आणि फरक फक्त किमतीचाच दिसत असेल, तर माणूस स्वस्तच उचलणार. त्याला हावरा म्हणायचे का?

कानात घालायचे बिनतारी इअरबड घ्या. बोटाच्या पेराएवढ्या प्रत्येक गोळीत एक चिमुकली लिथियम बॅटरी असते. रोज भरली आणि रोज संपवली की दोन-तीन वर्षांत ती थकते. गाणे अर्ध्यावर असताना एक कान बंद पडतो. बाकी सगळे ठणठणीत असते, स्पीकर, माइक, चार्जिंगची डबी. पण बहुतेक गोळ्यांना स्क्रू नसतो, फट नसते, दोन शकले गोंदाने कायमची चिकटवलेली असतात. पाते घालून उघडायला जावे तर कडा तुटते नाहीतर आतली तार. दुरुस्ती करणारा हातात घेऊन बघतो आणि परत देतो. वाळूच्या दाण्याएवढे भाग एकावर एक बसवणाऱ्यांना बॅटरी बदलता येईल अशी जागा ठेवता आली नसती, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. काही फोनच्या बाबतीत याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे. अस्सल पडदा दुसऱ्या फोनमधून काढून बसवला तरी सॉफ्टवेअर त्याचा क्रमांक तपासते, आणि कंपनीच्या यंत्रणेतून मान्यता मिळाल्याशिवाय काही सोयी बंद ठेवते. वस्तू तुमची, भाग अस्सल, कारागीर कुशल. तरी परवानगी तिसऱ्याची. मग दुरुस्तीवाला तेच म्हणतो जे सगळीकडे ऐकू येते: पार्ट येत नाही, आला तरी परवडणार नाही, थोडे घालून नवीनच घ्या. हा सल्ला प्रामाणिक असतो. त्या क्षणी होणारी खरेदी आकडेवारीत ‘ग्राहकांचा उत्साह’ म्हणून नोंदली जाते.

या व्यवस्थेची सर्वात मोठी झळ कुणाला बसते? ज्याला दरवर्षी नवे घेणे परवडते त्याला नक्कीच नाही. हप्त्यावर वस्तू घेणाऱ्याला बसते. हप्ते संपायच्या आधी वस्तू संपते, आणि नसलेल्या वस्तूचे पैसे भरत असतानाच दुसरीचे हप्ते सुरू होतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूणच दर वर्षाला आखडत असेल तर पायांना किती दोष द्यायचा? स्वस्ताईने गरिबाला मोकळे केले हे मी वर मान्य केले; त्याच स्वस्ताईत वस्तूचे आयुष्य कापले गेले की ती मोकळीक व्याजासकट परत घेतली जाते.

राहिला रोजगाराचा मुद्दा. वस्तू दुप्पट टिकल्या तर निम्मे कारखाने बंद पडतील, ही भीती खोटी नाही. मंदीत सगळ्यांनी एकदम हात आखडता घेतला की मंदी वाढते, हेही अर्थशास्त्रात मान्य आहे. पण वस्तू लवकर मोडण्यावर रोजगार उभा करायचा, हा हिशेब फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेदरिक बास्तियाने १८५० मध्येच खोडून काढला होता. खिडकीची काच फुटली की काचवाल्याला काम मिळते हे सगळ्यांना दिसते. पण काच फुटली नसती तर घरमालकाने त्याच पैशात बूट घेतले असते, आणि चांभाराचे ते बुडालेले काम कुणालाच दिसत नाही. घरमालकाकडे शेवटी उरते काय? पूर्वी होती तेवढीच काच. दुरुस्तीत तर माणसाचे काम जास्त लागते आणि ते जिथे वस्तू आहे तिथेच करावे लागते. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, बूट आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला, त्यामागे हाच विचार होता.

आणि समजा, खरोखरच काम कमी उरले, तर? १ डिसेंबर १९३० रोजी, महामंदी सुरू झाल्यावर, मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या केलॉगच्या कारखान्याने आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. मंदी आली म्हणून माणसे काढली नाहीत, उलट घेतली. कामगारांना दिवसाचे दोन तास परत मिळाले. महायुद्धानंतर त्यांतल्या अनेकांनी, मुख्यतः पुरुषांनी, जास्त पगारासाठी पुन्हा आठ तासांच्या बाजूने मते दिली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण काही विभाग, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, सहा तासांना चिकटून राहिले, आणि शेवटच्या विभागातली सहा तासांची पाळी १९८५ मध्ये बंद होईपर्यंत राहिले. वस्तू की वेळ, हा सौदा समोर ठेवला तर सगळी माणसे एकच उत्तर देत नाहीत, एवढे तरी यातून दिसते. आपल्यापैकी किती जणांसमोर असा सौदा कधी ठेवला गेला आहे?

कमी वस्तूंत राहण्याचा ज्यांनी निर्धार केला आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यातून मनाला मिळणारा निवांतपणा खरा असतो. पण तो ज्याचा त्याचा मार्ग आहे, सार्वजनिक धोरण नव्हे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर गोळा करून पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. हा ढीग संयमाच्या व्याख्यानांनी कमी होणार नाही, कारण त्यातल्या पुष्कळ वस्तू टाकणाऱ्यालाही टाकायच्या नव्हत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपण बराच वेळ घालवला आहे.

नियम करता येतात, हे आता दिसू लागले आहे. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा गुन्हा ठरवला आणि २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये क्रमांक जुळवून सुट्या भागाला अडवण्याच्या पद्धतीवर बंदी घालणारा कायदा केला. फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्याही, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता याव्यात असा नियम लागू व्हायचा आहे. खरी लढाई पुढे आहे, आणि ती किमतीची आहे. सुटे भाग ‘वाजवी’ किमतीत मिळावेत असे कायदा म्हणतो. पडद्याची किंमत नव्या फोनच्या पाऊण पट ठेवली तर कायदा पाळला गेला आणि दुरुस्तीही झाली नाही, असे दोन्ही साधते. वाजवी म्हणजे किती, अपवादाच्या यादीत कोणती उपकरणे जाणार, खोक्यावर वर्षांचा आकडा छापायचा की नाही, हे सगळे बैठकांत ठरते. तिथे कंपन्यांचे वकील वेळेवर हजर असतात. बाहेर आपण एकमेकांची कपाटे मोजत बसलेलो असतो.